बंद शेडपुढची रांगोळी

हरिश्चंद्रचा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या डब्यांचा गाळा होता. कर भरायची वेळ आली की त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं. आपल्यापैकी कुणाचं होत नाही म्हणा!

म्हणूनच सल्लागार जितेशची युक्ती त्याला गोड लागली. "शेठ, मागास तालुक्यात कारखाना टाकला की टॅक्समध्ये सवलत. रायगडात तुमच्या गावी जमीन पडलीच आहे. शेड ठोका, बोर्ड लावा, एक जुनं मशीन ठेवा. माल इथेच बनवायचा, बिल फक्त तिकडचं. सब करते हैं!"

शेड उभी राहिली, बोर्ड लागला आणि दाराला कुलूपही लागलं.

एका दुपारी पॉलिशवाला विठू पॉलिशने काळं झालेलं तोंड स्वच्छ धुऊन पेढे घेऊन आला. तो हरिश्चंद्रच्याच गावचा.

"शेट, वहिनी, तोंड गोड करा. इथली मोरव्याची भाड्याची खोली सोडली मी."

"सोडलीस? का रे?" हरिश्चंद्रने विचारलं.

"आता गावातच काम हाय ना! लग्नापासून सुलू तिकडं, मी इकडं. पोरगी मला 'भाईंदरचे बाबा' म्हणते, शेट. आता दुपारचं जेवायलासुद्धा घरी जाईन."

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. कुलूपबंद शेड, आणि तिच्यापुढे सुबक रांगोळी.

"सुलू रोज काढते. म्हणते, काम यायचंय, दार सुनं नको."

विठू हसत मशीनवर गेला. हरिश्चंद्रच्या हातातला पेढा हातातच राहिला.

गाळ्याची बिलं त्याची बायको वासंती बघायची. तिने पेन खाली ठेवलं. "अहो, ते कुलूप उघडणार कधी?"

"कागदावरची शेड आहे गं ती. सरकारचा पैसा, कुणाचं काय जातंय?"

"सरकारचा? या पेढ्यांवरही विठूने कर भरलाय. आपला कर माफ होतो, तेव्हा तो भार असेच लोक उचलतात. कशासाठी? गावात काम मिळावं, माणसाला घर सोडावं लागू नये म्हणून. तुम्ही सवलत घेणार आणि काम इथेच ठेवणार! ही चोरीच झाली." मग तिचा आवाज हळू झाला. "तुमचे बाबाही गणपतीला आणि शिमग्यालाच दिसायचे ना हो?"

हरिश्चंद्रला पहाटेची एसटी आठवली. बाबा मुंबईला निघाले की तो झोपेचं सोंग घ्यायचा, त्यांना रडणं दिसू नये म्हणून. त्याचे डोळे भरून आले.

त्याने तिथूनच जितेशला फोन लावला. "बिल गावचं, तर डबाही गावचाच! नवं प्रेस-मशीन पाठवतोय तिकडे."

"शेठ, फायदा कमी होईल!"

"होऊ दे! माणूस घरी जाईल!"

त्याच आठवड्यात मशीन टेम्पोत चढलं. मागे वळकटीवर विठू बसला होता. वासंतीने त्याच्या पोरीसाठी एक छोटा डबा दिला.

बंधू-भगिनींनो, गावासाठी मिळालेली सवलत हा फुकटचा नफा नव्हे. ते आपण सगळ्यांनी मिळून दिलेलं बियाणं आहे, आणि बियाणं पेरायचं असतं, विकून खायचं नसतं.

सुलू अजूनही शेडपुढे रांगोळी काढते. आता ती सकाळीच पुसली जाते, कामाला येणाऱ्यांच्या पायांनी. आणि विठूची पोरगी त्याला नुसतंच 'बाबा' म्हणते.