परक्या बोटीचं गाऱ्हाणं

"बाबानू, बंद करा बगूया तो टीव्ही. सकाळपासून ताच ताच!" सुनेने, सलोनीने, भाकरी थापता थापता चुलीकडूनच ओरड घातली.

दाजींनी आवाज तेवढा कमी केला. पडद्यावर जगाचा नकाशा होता आणि गोवर उठावा तसे त्यावर लाल ठिपके. कोट घातलेला एक पोरगा एकेका ठिपक्यावर बोट ठेवून आजची लढाई सांगत होता, आणि हुरूप असा की जणू क्रिकेटचा सामनाच चाललाय. बर्फातल्या सरहद्दीवर रणगाडे पुढे सरकले. कुठल्याशा बेटावरची धावपट्टी उखडली. एका राजधानीत रात्रभर ड्रोन पडले, तिथे आता वीज नाही, पाणी नाही. वाळवंटात तेलाचे कारखाने पेटलेत. दाजींना यातलं काही नको होतं. त्यांना आखाताच्या तोंडावरचा एकच ठिपका हवा होता, आणि पोरगा नेमका तिथे पोचला की जाहिरात लागायची.

त्या ठिपक्याच्या आत त्यांचा मुलगा निकेत होता. तेलाच्या जहाजावर पंप सांभाळायचा. त्याचं कंत्राट शिमग्यालाच संपलं होतं. पण बदलीचा माणूस यायला तयार नाही, बंदरवाले जमिनीवर उतरू देत नाहीत, आणि समुद्रात बाहेर पडायची वाट एवढी अरुंद की तिथे रोज कोणाचं ना कोणाचं जहाज पेटतं. म्हणून जहाज नांगर टाकून उभं होतं आणि त्यावर निकेत. इकडे कोकणात, तोंडवली गावात, सलोनी आणि दाजीही तसेच, टीव्हीसमोर नांगरल्यागत. बाजाराला गेलं तरी लक्ष घरात, घरात बसलं तरी जीव गुदमरायचा.

फोन वाजला. दाजींनी तो दोन्ही हातांनी कानाला लावला.

"बाबानू, आयकतास मां? आज दिवस बुडताना नांगर उचलतले."

"खंयसून जातलंस?"

"ता सांगूचा नाय. वाट एकच आसा, तुमका म्हायत आसा ती. आता सगळ्यांचे फोन बंद करतले. भायर पडलंव काय मीच करतंय."

"नको जाव. उतरान रव थयच."

"खंय उतरतलंय, बाबानू? पाण्यात?" निकेत हसला. मग म्हणाला, "जेवलास मां?"

सलोनी पिठाच्या हातांनी धावत येईपर्यंत फोन कटला होता.  ती परत आत गेली आणि करपलेली भाकरी उलटली.

दाजी आयुष्यभर पाडेली. माडावर चढून नारळ पाडायचे. गुडघे कामातून गेले तेव्हा माड सुटले, पण दुसरं काम सुटलं नाही. गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे होता. काहीही नवं सुरू करायचं तर नारळ हातात घेऊन देवाला मोठ्याने सांगायचं, कोण आहे, काय करतोय, काय हवंय. दर वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. दाजींनी लग्नांची गाऱ्हाणी घातली, बोअरवेलची घातली, दहावीच्या निकालाची घातली. कोणाची तरी हरवलेली शेळीही त्यांनी देवाच्या कानावर घातली होती, आणि ती सापडलीही होती. फक्त स्वतःच्या घराचं कधी घातलं नाही. बापाने बजावलं होतं, "वाढूचा काम आपल्याकडे आसा म्हणान आदी आपल्या पानात वाढून घेवचा नाय." दाजींनी ते पाळलं. बायको आजारी पडली तेव्हाही पाळलं. दुसऱ्या कोणाला गाऱ्हाणं येत नव्हतं, त्यामुळे तिचं राहूनच गेलं. ती गेली. त्यांनी ते कोणाला बोलून दाखवलं नाही, पण विसरलेही नाहीत.

दुपारी गुरुदास आला. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला त्याने नवी बोट घेतली होती आणि ती आज संध्याकाळी पाण्यात जायची होती. निकेतचं कळल्यावर तो दारातच घुटमळला. "उद्या करूया, दाजी."

"उद्या कित्याक? आज दिवस बरो आसा. येतंय मी."

खरं तर त्यांना घरातून पळायचं होतं.

किनाऱ्यावर बोट नटूनथटून उभी होती. झेंडूच्या माळा, नारिंगी लाइफ जॅकेटं, पेढ्यांचा खोका. गुरुदासची आई सावित्री सगळ्यांच्या पुढे उभी. बाई शकुनाची फार कडक. कोणी शिंकलं तरी निघालेल्या माणसाला परत पाटावर बसवणारी. सलोनीही आली होती, मुठीत फोन धरून. दाजींनी नारळ घेतला आणि समुद्राकडे तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वेशींच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जी काय ही तुज्या लेकराची, गुरुदासाची बोट दर्यात चलली हा, तिका सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाऱ्या-वादळात, भरती-सुकतीक तिची पाठराखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सूर्य पाण्याला टेकला होता. दाजींची नजर तिथे गेली आणि तिथेच राहिली.

"त्या तोंडार जे कोण दबा धरून बसले आसत, त्यांची नजर दुसरीकडे वळव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा..." आवाज विरळ झाला.

"वरसून काय इला तर ता पाण्यात पडांदे. तेलाक आग लागाक देव नको. थय पंपाकडे जो उबो आसा..."

आता कोणीच काही म्हणालं नाही. दाजी भानावर आले. कोऱ्या करकरीत बोटीवर त्यांनी आग आणि बॉम्ब आणून ठेवले होते, आणि आयुष्यभर पाळलेला बापाचा शब्दही मोडला होता. 

"चुकलंय, गुरुदासा. माका माफ कर. तुज्या बोटीर नको ता बोललंय."

"दाजी, तो नारळ हयसर दी," सावित्री कडाडली. आता ही बया सगळ्यांसमोर झाडणार म्हणून लोकांनी माना खाली घातल्या. तिने नारळ घेतला आणि मुलाच्या हातात कोंबला. "बोल रे."

गुरुदास गडबडला. "मी? माका खंय येता?"

"इतकी वर्सा व्हय व्हय करतंस, कान बुजले हुते तुजे? बोटीचा झाला. निकेताचा बोल. तेका आपल्या घराचा घालूक येणा नाय, कळत नाय तुका?"

गुरुदासने डोक्यावरचा गॉगल काढून खिशात टाकला. दोनदा खाकरला.

"देवा म्हाराजा... आमचो निकेत. थय अडाकलो हा. आता निगालो आसतलो. जहाजाचा नाव..." त्याने दाजींकडे बघितलं. दाजींना ते नाव इंग्रजीत होतं म्हणून कधीच नीट म्हणता आलं नव्हतं. "नाव तुका म्हायत आसा. तेका भायर काढ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कुठे थांबायचं हे काही गुरुदासला कळेना. टीव्ही त्याच्याही घरात दिवसभर चालूच होता. "आणि तेच्यावांगडा त्या जहाजार जे आसत तेंका काढ. बर्फात आसत तेंका काढ. त्या बेटार आसत, वाळवंटात आसत. जेंची वीज गेली हा, पाणी गेला हा. ज्या कोणाची पोरां खंय अडाकली आसत, तेंका परत घराक हाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा किनारा ओरडला. सलोनी पदराने तोंड दाबून ओरडली.

दाजींचे ओठ सवयीने पुढच्या वाक्यासाठी उघडले होते. पण पुढचं वाक्य त्यांचं नव्हतं. सूर्य बुडाला. सावित्रीने त्यांच्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "दाजी, तुजा रवला."

दाजींनी रिकामे हात जोडले. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकट्यानेच, ते म्हणाले, "व्हय म्हाराजा."