हिरवी चिठ्ठी

भूकंप सकाळी साडेनऊला झाला आणि दहा वाजेपर्यंत गावातल्या छोट्या इस्पितळाच्या दारात दोनशे माणसं येऊन उभी राहिली. डॉक्टर तीन. कुणाला आधी आत घ्यायचं, हे दारातच ठरवायचं काम थोरली नर्स मित्सुए हिच्या गळ्यात पडलं. एका माणसाला अर्धं मिनिट. लाल चिठ्ठी म्हणजे ताबडतोब, पिवळी म्हणजे थोडं थांबेल, हिरवी म्हणजे चालता येतंय ना, मग पटांगणात जाऊन बसा. काळीचं नाव कुणी काढत नव्हतं.

टोफू करणारे कुरातासान बायकोचा हात धरून चालत आले. गेली तीस वर्षं मित्सुए त्यांच्याकडूनच टोफू घेत होती. दुकानातलं कपाट पोटावर पडलं, असं बायको म्हणाली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला मित्सुएला दिसला. दिसला नाही, असं म्हणायची सोय तिला नव्हती.

"कुठे दुखतंय?"

"माझं काही नाही गं. तू आधी त्या पोरांना बघ."

त्या गावात मरायला टेकलेला माणूसही असंच म्हणतो. आपला कुणाला त्रास नको, हे तिथलं बाळकडूच. मित्सुए तिथलीच, तिला हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण मागे रांग वाढत होती, आणि खरं सांगायचं तर ते उत्तर ऐकून तिला हायसं वाटलं. तिने त्यांच्या मनगटाला हिरवी चिठ्ठी बांधली.

दीड तासाने पटांगणातून हाक आली. कुरातासान भिंतीला टेकून बसले होते, चपला शेजारी नीट जुळवून ठेवलेल्या. पोट फुगून टणक झालं होतं. नाडी लागत नव्हती. धावत आलेले डॉक्टर इवाशिता म्हणाले, आतल्या आत रक्त गेलं, वेळेत कळतं तर वाचले असते. मग तिच्याकडे बघून घाईघाईने म्हणाले की चालणाऱ्याला हिरवीच द्यायची, नियमच तसा आहे, तिची चूक नाही. मित्सुएला ते ऐकूच आलं नाही.

कुरातासानची बायको उठली. अंगावरचा एप्रन सारखा करून ती मित्सुएपुढे कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"एवढ्या गडबडीत आमच्या माणसाने तुम्हाला त्रास दिला. माफ करा."

मित्सुएला ओरडायचं होतं, मी मारलं त्यांना, असं सांगायचं होतं. पण जन्माची सवय. तीही तशीच कमरेत वाकली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "छे, त्रास कसला."