एका पंगतीची अट

१९७०च्या सुमारास कलकत्त्यात दोन कंपन्यांना एक व्हायचं असलं, की त्या आधी ‘लाहिडी अँड मुळ्ये’चा पत्ता विचारायच्या. पत्ता सापडला की नाक मुरडायच्या, कारण आमची सॉलिसिटर फर्म ओल्ड पोस्ट ऑफिस स्ट्रीटवरच्या एका पडक्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. तरी धापा टाकत यायच्या. आम्ही जुळवलेलं विलीनीकरण हायकोर्टात अडत नाही आणि पुढे फुटत नाही, असा आमचा लौकिक होता. ते घेरावाचे दिवस होते. कामगार साहेबांना त्यांच्याच केबिनमध्ये कोंडून ठेवायचे, तेव्हा कंपनी न फुटणं ही सोपी गोष्ट नव्हती.

हा लौकिक दिगंबरकाका मुळ्ये यांच्या जेवणाने मिळवलेला होता. काकांचा जन्म भवानीपूरचा, बंगाली अस्खलित, आणि मराठीचा अभिमान इतका की पुण्याच्या माणसाने लाजावं. कागदपत्रं बिनचूक करायचे त्यांचे भागीदार अनादिबाबू लाहिडी. काकांचं काम एवढंच, की सल्ला देण्याआधी दोन्ही कंपन्यांत जाऊन जेवायचं, तेही पाहुण्यांच्या खोलीत नव्हे, सगळे जेवतात तिथे. हावड्याचा एक पंपांचा कारखाना बराकपूरच्या बाजूचा मोटारींच्या सुट्या भागांचा कारखाना घ्यायला निघाला होता. काका दोन्हीकडे जेवून आले आणि हावड्याच्या मालकाला म्हणाले, साहेबांची डाळ वेगळी आणि कामगारांची वेगळी शिजते, तोवर मी कागदाला हात लावणार नाही. मालकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो तणतणत जिना उतरला आणि काही महिन्यांनी एकच स्वयंपाकघर करून परत चढला. त्यानंतर त्या दोन कारखान्यांत एकदाही घेराव झाला नाही, आणि ही गोष्ट कंपन्यांच्या कचेऱ्यांनी भरलेल्या क्लाइव्ह स्ट्रीटभर पसरली.

मी सुनीती खांबेटे, या फर्ममधली तिसरी वकील. वडील बँकेच्या बदलीवर इथे आले होते, निवृत्त होऊन पुण्याला परत गेले. मी हट्टाने राहिले. आमच्याकडे येणारी माणसं मला टाइपिस्ट समजून हातात कागद द्यायची. मी तो कागद वाचून त्यातल्या चुका त्यांना सांगायची, मग त्यांना खुर्चीत बसायचं सुचायचं. दुपारी आम्ही तिघं काकांच्या टेबलावर एकत्र जेवायचो.

अशा आम्हाला एक दिवस मागणी आली. ‘विंटरटन अँड कंपनी’ ही साहेबी थाटाची मोठी फर्म. साहेब कधीच विलायतेला गेले होते, थाट मागे राहिला होता. तिचे प्रमुख सान्याल स्वतः आमचे तीन जिने चढून आले. त्यांना आम्ही हवे होतो, म्हणजे आमचं नाव हवं होतं. अनादिबाबूंचे गुडघे गेलेले, काकांनी साठी ओलांडलेली, आणि विंटरटनकडे पितळी दारांची लिफ्ट होती. मला पुढे भागीदारी आणि स्वतःची खोली मिळणार होती. कलकत्त्यात तेव्हा किती बायकांना असं काही कोणी कबूल केलं होतं? मला आभाळ ठेंगणं झालं. मी त्याच संध्याकाळी मिठाईवाल्याकडून छेन्याचे संदेश आणून सगळ्यांना वाटून मोकळी झाले.

काकांनी संदेश खाल्ला आणि म्हणाले, की हेही विलीनीकरणच आहे, तेव्हा आधी तिथे जेवायला हवं. शिवाय या खेपेला ते आणि अनादिबाबू अशील होते, त्यामुळे सल्ला मी द्यायचा आणि तो दोघांनी मानायचा. अनादिबाबूंनी मान डोलावली. मी मनात म्हटलं, यात सल्ला काय द्यायचाय, कबुली तर मी संदेशाबरोबरच वाटली आहे.

सान्यालांनी मोठ्या अगत्याने जेवायला बोलावलं. लांबलचक टेबल, पांढरंशुभ्र कापड, फेटा बांधलेला बेअरर. काकांसाठी खुर्ची ओढली गेली, अनादिबाबूंसाठी ओढली गेली. माझ्यासाठी ओढायला तिथे खुर्चीच नव्हती. सान्याल फार गोड बोलून म्हणाले, की ऑफिसातल्या स्त्रियांची सोय मागच्या खोलीत असते, भागीदार झाल्यावर माझ्याबद्दल काहीतरी विचार करता येईल. काका उठू लागले. मी डोळ्यांनीच त्यांना बसवलं. सल्ला मला द्यायचा होता, मग सगळीकडचं जेवण मलाच बघायला हवं होतं.

मागच्या खोलीत तीन टाइपिस्ट डबे उघडून बसल्या होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली आणि पिवळा भात आणि खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा इतका वाढला की मी दोनदा नको म्हणून दोन्ही वेळा खाल्ला. हसत हसत त्यांनीच सांगितलं, की माझ्याआधीही एक वकीलबाई आल्या होत्या, विलायतेत शिकलेल्या. त्यांनाही खोली कबूल केली होती आणि ती मिळालीही, जुन्या फायलींच्या शेजारी. तिथे एकही काम आलं नाही. त्या रोज इथेच जेवायच्या, मग एक दिवस यायच्या बंद झाल्या. कारकून कुठे जेवतात म्हणून विचारलं, तर खाली, जिन्यापाशी, उभ्याने. माझा तिळपापड झाला, आणि त्याहून जास्त रडू आलं, कारण मला ती खोली मनापासून हवी होती.

परत आल्यावर अनादिबाबू प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत वर आले. त्यांच्या गुडघ्यांकडे बघून माझी जीभ उचलेना. दोघेही अशिलांच्या खुर्च्यांत शहाण्या मुलांसारखे बसले.

“बोला वकीलबाई,” काका म्हणाले.

“नको,” मी म्हटलं. “तीन पंगती आहेत तिथे. वर्षभरात फुटेल.”

“तुझी भागीदारी जाईल.”

“ती तिथेही मिळणार नव्हती.”

अनादिबाबू गुडघा चोळत बंगालीत म्हणाले, की सूप थंडच होतं आणि त्यांना लिफ्टची भीती वाटते. लिफ्टची भीती ही सपशेल थाप होती. काकांनी तिथल्या तिथे सान्यालांना फोन केला आणि नम्रपणे नकार कळवला. इतकं मोठं घबाड सोडून इतका खुशीत दिसणारा माणूस मी पाहिला नव्हता. आपली रीत आपल्यालाही लागू पडली, असं ते दोनदा म्हणाले.

माझा राग मात्र उतरला नव्हता, आणि आता तो विंटरटनवर राहिला नव्हता.

“आता दुसरा सल्ला,” मी म्हटलं. “मला भागीदारी हवी आहे. इथे.”

अर्ध्या कलकत्त्याच्या कंपन्या जुळवलेली ती दोन माणसं एकमेकांकडे बघत राहिली. मग काका अगदी खऱ्या आश्चर्याने म्हणाले, “हे आम्हाला इतकी वर्षं सुचलं कसं नाही?”

“कारण मी तुमच्या टेबलावर जेवते. तुम्हाला वाटलं, तेवढं पुरे आहे.”

काकांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत. शेवटी अनादिबाबूंनी घसा साफ केला आणि कागदपत्रांच्या माणसाला शोभेल अशी अडचण काढली, की खालच्या पाटीवर तिसऱ्या नावाला जागा नाही.

“पाटी नवी करू,” काका म्हणाले. त्यांनी कागद पुढे ओढला, ‘लाहिडी, मुळ्ये अँड खांबेटे’ असं लिहिलं आणि माझ्याकडे सरकवला.

“पूर्ण नाव लिहा,” मी म्हटलं. “नुसतं खांबेटे वाचून लोकांना तो पुरुष वाटेल.”