कवचाचा सांधा

अविनाशने सरकारी कारखान्यातली नोकरी सोडली तेव्हा हैदराबादमधल्या काचीगुड्याच्या घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. निजामाच्या काळापासून त्या घराने सरकारी चाकरीखेरीज दुसरं काही पाहिलेलं नव्हतं. आई म्हणाली, "अरे, बाहेरच्या कंपन्या यायला लागल्या म्हणून आपण हातातलं सोडायचं का?" त्याच्या बायकोचा, रजनीवहिनीचा, चेहरा उतरला. एकटी धाकटी बहीण अनुराधा तेवढी खूश होती. "दादा, तू हे करणारच होतास," ती म्हणाली. "स्वतःचा कारखाना काढायला परवान्यांची कटकट होती ती गेली, म्हणून आता केलंस."

अविनाश तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा तो डिप्लोमा संपवून कामाला लागला आणि तिला मात्र त्याने इंजिनिअर केलं. मामा म्हणत होते, मुलीला डी.एड. करू दे, शाळेत चिकटेल. अविनाशने ऐकलं नाही. परीक्षेच्या दिवसांत तो तिला स्कूटरवर मागे बसवून विद्यापीठात सोडायचा आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली थांबायचा. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं, की हात हलवायचा. पुढे ती तारनाक्याच्या एका प्रयोगशाळेत लागली. वस्तू आगीत किती टिकतात हे पाहण्याची मोठी भट्टी तिथे होती, आणि हळूहळू त्या भट्टीचं सगळं काम अनुराधाकडे आलं.

बालानगरला पत्र्याची शेड घेऊन, जवळच बिऱ्हाड हलवून अविनाशने अग्निरोधक कवच बनवायला सुरुवात केली. अणुवीज केंद्रांत केबलांच्या दोन स्वतंत्र रांगा असतात. अणुभट्टी बंद केल्यावरही ती थंड करत राहावी लागते, आणि ते काम करणाऱ्या पंपांना वीज याच केबलांतून जाते. एका आगीत दोन्ही रांगा जळाल्या, तर अणुभट्टी थंड करायला काहीच उरत नाही. म्हणून एका रांगेवर असं कवच चढवतात, की आग विझवेपर्यंत निदान तासभर तरी आतल्या केबला शाबूत राहाव्यात. हे कवच तोवर परदेशातून यायचं. "आपण इथं बनवू," अविनाश म्हणायचा. "बालानगरच्या शेडमध्ये. मग बघ लोक कसे येतात!" काचेचं कापड, त्यावर चढवायचा लेप, लेप सुकवायची तऱ्हा, सगळं त्याने स्वतः खपून जमवलं. त्याच्या अंगाला कायम त्या लेपाचा आंबूस वास यायचा. आई म्हणायची, हात धुऊनच पानावर बस बाबा.

नमुना चाचणीसाठी तारनाक्याला आला, त्या दिवशी अनुराधाने आपल्या प्रमुखांना, डॉ. सुब्बारावांना सांगून टाकलं की हा माझा सख्खा भाऊ आहे. त्यांनी चाचणी दुसऱ्याकडे दिली. कवचाचा सरळ तुकडा भट्टीत तासभर उत्तम टिकला. संध्याकाळी अविनाश काचीगुड्याला पेढे घेऊन आला आणि आईने ते आधी अनुराधाच्या तोंडात घातले. एका अणुवीज केंद्राने मालाची मागणी नोंदवली. शेडमध्ये माणसं वाढली. अणुऊर्जा नियामक मंडळाची अंतिम मंजुरी यायची होती, पण ती आता येईलच असं सगळे धरून चालले होते.

मग एका रविवारी अनुराधा बालानगरला गेली. कवच प्रत्यक्षात कसं बसवतात हे दाखवायला अविनाशने शेडच्या कोपऱ्यात केबला ठेवायचा लोखंडी ट्रे उभा केला होता. ट्रे भिंतीपाशी काटकोनात वळत होता. वळणावर कवचाचे दोन तुकडे एकमेकांना भिडवून वरून पट्टी चिकटवली होती. अनुराधाने पट्टीवरून बोट फिरवलं. आगीत लोखंड तापून लांबतं. सरळ ट्रेवर कवच ते सोसतं. वळणावर सगळा ताण त्या पट्टीवर येणार होता.

"दादा, हा सांधा भट्टीत गेलाच नाही कधी."

"तोच माल आहे, अनु."

"माल तोच आहे रे. सांधा उघडेल."

"नाही उघडत. उगा परेशान होऊ नक्को." त्याने हसून तिच्या डोक्यावर टप्पल मारली. "चल, चहा घेऊ."

"तू स्वतःच मंडळाला कळव ना. वळणासकट चाचणी घ्या म्हण."

आता त्याचं हसू मावळलं. "अर्धा माल केंद्रावर पोचलाय. बसवायला लागलेत ते. आणि मीच जाऊन सांगू, की माझ्या मालावर शंका घ्या म्हणून?"

तिने चार-पाच दिवस वाट पाहिली. फोन केला, त्याने विषय बदलला. एकदा कामावरून घरी आली, तर तो आईसाठी बेगम बाजारातून आणलेली चिंच निवडत बसला होता आणि आईसमोर तिला काही बोलवेना. शेवटी ती सुब्बारावांच्या खोलीत गेली.

सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला. "अनुराधा, या प्रकरणातून तू बाहेर आहेस. तू आत्ता बोललीस ते मी ऐकलं नाही असं समजू का?"

"नको सर," ती म्हणाली. "ऐका."

त्याच संध्याकाळी ती थेट अविनाशकडे गेली. त्याला दुसऱ्या कुणाकडून कळलेलं तिला नको होतं. "मी सांगितलंय," दारातच ती म्हणाली. रजनीवहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. अविनाश मात्र शांत होता. "बरं केलंस," तो म्हणाला. "होऊ दे चाचणी. मी स्वतः कवच चढवतो. मग तर खात्री पटेल तुझी?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याचा आपल्या मालावर पुरता विश्वास होता, आणि तिला तेच सोसवेना. तो चिडला असता तर बरं, असं तिला वाटत राहिलं.

सुब्बारावांनी कळवल्यावर मुंबईहून नियामक मंडळाचे सबनीस आले. अविनाशने बाह्या सरसावून ट्रेवर कवच चढवलं, वळणावरची पट्टी दोनदा दाबून बसवली, आणि हात पुसत मागे उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता तो. भट्टी पेटली. जाड काचेच्या खिडकीतून आत पाहायला अनुराधाच उभी राहिली. आज निकाल सबनीस देणार होते, पण भट्टीत काय चाललंय ते ओळखणारं तिच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं.

पहिला काही वेळ सगळं ठीक होतं. मग वळणावरची पट्टी एका कडेने सुटायला लागली. आधी केसाएवढी फट. मग त्या फटीत लाल उजेड. खिडकीतून नजर न हलवता ती म्हणाली, "सांधा उघडला." काही क्षणांतच आतल्या केबलांचं तापमान चढलं आणि धोक्याची घंटा वाजली. तास व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता.

सबनीसांनी अविनाशच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने हलकेच बाजूला केला. अनुराधा वळली तोवर तो दाराबाहेर पडला होता.

मंडळाने मंजुरी नाकारली. केंद्रावर चढवलेलं कवच उतरवायचा आदेश निघाला, आणि दुसरं कवच बसेपर्यंत त्या केबलांपाशी अहोरात्र पहारा लागला. अविनाशने पट्टीऐवजी टाके घालून शिवलेला सांधा करून पाहिला, पण तोवर परदेशी माल मुंबई बंदरात उतरला होता. शेड बंद झाली. तो शारजाला एका इमारती बांधणाऱ्या कंपनीत नोकरीला गेला. जाताना काचीगुड्याला येऊन आईच्या पाया पडला. अनुराधा येईपर्यंत मात्र थांबला नाही.

दर आठवड्याला तो आईला फोन करायचा. अनुराधाने फोन उचलला, की "आईला द्या" एवढंच म्हणायचा. द्या! ज्याने आयुष्यभर तिला 'अगं अनु' म्हणून हाक मारली, तो तिला अहो-जाहो करू लागला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, आवाज ओळखला नसेल.

आईने दोघांना एकत्र बसवायची फार धडपड केली, पण काही वर्षांनी, ते जमायच्या आतच ती गेली. अविनाश आला, सगळे विधी त्याने नीट केले. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा दोघं पहिल्यांदाच एका खोलीत एकटी उरली.

"दादा, माझं चुकलं असेल तर तसं तोंडावर सांग," ती म्हणाली.

"चुकलं नाही तुमचं. सांधा उघडला ना." तो खिडकीबाहेर बघत होता. "कारखान्याचंही मला काही नाही. पण भट्टी पेटली तेव्हा वाटलं, अनु एकदा तरी माझ्याकडे वळून बघेल. तुम्ही त्या काचेतच बघत होतात. सांधा उघडला म्हणालात, तेसुद्धा काचेकडे बघूनच."

"तुझ्याकडे बघितलं असतं ना," ती कशीबशी म्हणाली, "तर भट्टी बंद करा म्हणून ओरडले असते मी."

तो तिच्याकडे वळला. कितीतरी वर्षांनी त्याने तिला नीट पाहिलं. त्याचे ओठ हलले, आणि काही बोलणार तोच रजनीवहिनी आत आली. विमानतळावर जायला टॅक्सी येऊन उभी होती. त्याने बॅग उचलली. "येतो," तो म्हणाला. ते तिला उद्देशून होतं की आईच्या फोटोला, हे तिला कळलं नाही.

पुढच्या वर्षी सबनीसांचा फोन आला. त्याच अणुवीज केंद्रात केबलांच्या बोगद्यात आग लागली होती. एक रांग पूर्ण जळाली. दुसरी, नव्या कवचातली, वळणासकट शाबूत राहिली. पंप चालत राहिले, कुणाला इजा झाली नाही. "बोगद्यात काम करणारेसुद्धा सुखरूप आहेत, बाई," सबनीस म्हणाले. "हे तुम्हाला कळायला हवं असं वाटलं."

तिने लगेच शारजाचा नंबर फिरवला. अविनाशने सगळं ऐकून घेतलं.

"कुणी मेलं नाही ना?" शेवटी त्याने विचारलं.

"नाही."

"मग बरं झालं." त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. "माझं कवच असतं, तर मेली असती माणसं."

"दादा—"

"ठेवतो आता," तो म्हणाला. "तब्येतीला जपा."

फोन बंद झाला. रिसीव्हर तसाच हातात धरून अनुराधा आईच्या रिकाम्या पलंगावर बसली, आणि इतकी वर्षं न रडलेलं सगळं एकदम रडली.