रोह्याचा कौल

पेणच्या डॉक्टरने मुंबईतल्या एकाच इस्पितळाचं नाव घेतलं, तिथेच काळुरामच्या मनात पाल चुकचुकली. छाती अधूनमधून उधळते म्हणून जांघेतून तार घालायची, ती थेट हृदयात न्यायची आणि आतली कुठलीशी जास्तीची वाट जाळून टाकायची म्हणे! सत्त्याण्णव साली असलं काही गावात कुणी ऐकलंही नव्हतं. मिठागरात हयात घालवलेला काळुराम काय दुधखुळा होता? डॉक्टरचं आणि त्या इस्पितळाचं साटंलोटं आहे, हे वडखळ येईपर्यंत त्याने ठरवूनही टाकलं.

"रोह्याच्या डॉक्टरला दाखवू," तो बायकोला, धोंडुबाईला म्हणाला. "पन पेणचा कागद न्यायचा नाय. चकार शबुद काढायचा नाय. माझी शपथ हाय तुला. खरा असंल तर आपनच वळखंल."

गावची रीतच होती ती. एका भगताने काय सांगितलं ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. काळुरामच्या बापाने बैल हरवला तेव्हा तीन भगत असेच पारखले होते. बैल आपणहून गोठ्यात परतला, ते वेगळं.

रोह्याच्या डॉक्टरांनी हातापायांना चिमटे लावून हृदयाची पट्टी काढली. पट्टीत काही दोष नव्हता.

"चक्कर येते? धडधडतं?"

"नाय बा."

"मग आलात कशाला?"

"सहज. दाखवून घेतला."

"हृदय ठीक आहे तुमचं."

काळुरामने कोर्टात दावा जिंकल्यागत बायकोकडे बघितलं. पेणवाल्याची लबाडी उघडी पडली होती. तो सदऱ्याची बटणं लावू लागला.

धोंडुबाई मात्र उठेना. आठ दिवसांपूर्वी मिठाच्या राशीजवळ तो कोसळला, तेव्हा त्याचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. तिने पिशवीतल्या भाकरीखालून पेणचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"धोंडे! शपथ घातलेली तुला!"

"व्हय, तुमचीच शपथ. पन तुमीच नाय राह्यलात, तर ती पाळू कोनासाठी?"

डॉक्टरांनी कागदाला डकवलेली पट्टी बराच वेळ बघितली.

"ही धडधड चालू असताना काढलीय. थांबली की सगळं ठीकच दिसतं. तुम्ही लपवलंत तर मला कसं कळणार? मी डॉक्टर आहे, भगत नाही. पेणच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. मुंबईला जा."

"तुमी वळखता त्यांना?"

"तोंडही पाहिलेलं नाही. आणि हे करणारी इस्पितळं मुंबईत मोजकीच आहेत. त्यांनी सांगितलेलं नको तर दुसरं बघा. पण जा."

एसटी स्टँडवर येऊन काळुराम बाकावर टेकला. आता संशय घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. इतके दिवस तो पेणच्या डॉक्टरवर चिडत होता, त्यामुळे बरं चाललं होतं.

"मना भ्या वाटतंय गो," तो शेवटी म्हणाला.

"मना आठ दिस वाटतंय," धोंडुबाई म्हणाली, आणि फडकं सोडून तिने भाकरी त्याच्या हातात दिली.