गव्हातलं स्टेशन

चिमट्यात धरलेली बाभूळ समाधाननं तिसऱ्यांदा उपटली आणि स्टेशनच्या डाव्या अंगाला रोवली. दोन पावलं मागे सरून, मान वाकडी करून पाहिलं. पुन्हा उपटली.

"त्या बाभळीला तरी एका जागी टिकू द्या," दारातून मनीषा म्हणाली. "सासूबाईंनी तुमचं नाव ठेवताना जरा घाईच केली."

"तू चहाचं बघ. तो बुद्धभूषण येईल आता."

पाणीपट्टीच्या खिडकीमागे समाधानची सगळी नोकरी गेली. तिथं त्यानं अख्ख्या नाशिकला 'पुढच्या आठवड्यात या' म्हणून सांगितलं, आणि निवृत्त झाल्या दिवसापासून स्वतःला मात्र पुढच्या मिनिटाचाही धीर धरवेना. लेकीचं लग्न झाल्यावर पंचवटीतल्या फ्लॅटची मागची खोली रिकामी झाली. तिच्या कॉटच्या जागी प्लायवूडचं टेबल आलं, टेबलावर रूळ आले आणि रुळांवर बोटाएवढ्या डब्यांची विजेवर चालणारी गाडी. सुरुवातीला खोक्यावरच्या चित्राबरहुकूम बर्फाचे डोंगर झाले. वैशाखात ते बघून त्याचाच जीव उबगला. मग इगतपुरीचा घाट झाला, बोगदे झाले, धबधबासुद्धा झाला. तोही पाडला. आता चालू होता गोदाकाठ: लहानसं कौलारू स्टेशन, नदीचं वळण, बाभळी आणि रुळालगत मळ्याच्या काळ्या पट्ट्या.

गाडी मात्र अजून एकदाही पूर्ण फेरी धावली नव्हती. देखावा पुरा झाल्याशिवाय ती सोडायची नाही, असा त्याचा नियम होता. आणि देखावा कधीतरी पुरा होईल, असं मनीषाच्या हिशेबात कुठंच बसत नव्हतं.

या खेपेला मात्र त्याला घाई होती. असल्या गाड्यांचा नाद असलेल्या मंडळींचं शहरात प्रदर्शन भरणार होतं आणि त्यांच्यातला बुद्धभूषण आज पाहणीला येणार होता. त्याला पसंत पडलं, तर समाधानच्या हातचं काम चार लोक थांबून बघणार होते. जन्मभर त्याच्या खिडकीशी थांबलेला प्रत्येक माणूस भांडायलाच थांबलेला होता.

सगळं जमत आलं होतं, अडलं ते मातीपाशी. लाकडाचा भुसा काळा रंगवला, तर मळ्याऐवजी कोळशाची वखार दिसायला लागली. मग गॅलरीत तुळशीमागे टबात ठेवलेली काळी माती त्याच्या नजरेला पडली. खरं म्हणजे चाळून घ्यायची. पण तेवढा धीर कुणाला? ढेकळं हातानं फोडली, माती पट्ट्यांवर पसरली. फेविकॉलचं पाणी सोडण्याआधी ती नीट बसावी म्हणून फवारा मारला, वर ओला पंचा झाकला आणि गडी नदीच्या मागे लागला. नदीचा रंग बदलण्यात त्याचा पुढचा आठवडा गेला. अधूनमधून पंच्यावर फवारा मारायचा तेवढा, खाली बघायचं सुचलं नाही.

आता बाभूळ एकदाची बसली आणि त्याचं लक्ष पंच्याकडे गेलं. पंचा मधोमध फुगला होता. त्यानं तो उचलला आणि तोंडात आलेली शिवी गिळली. काळ्या पट्ट्यांवर पिवळसर पोपटी गहू दाटून उगवला होता. स्टेशनच्या कौलांच्याही वर गेला होता. फलाटावरचा स्टेशनमास्तर त्याच्या बुडाशी जेमतेम दिसत होता.

त्यानं कात्री शोधली. तेवढ्यात मनीषा चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि जागीच थांबली.

"ही माती कुठली?"

"गॅलरीतली. त्या टबातली."

"अहो, घटाची माती ती!"

समाधानची कात्री हवेतच राहिली. दर साली नवरात्राच्या आदल्या दिवशी मनीषा सायखेड्याला जायची, सासरच्या वावरातली माती आणायची आणि तिच्यात गहू पेरून घट बसवायची; न रुजलेले दाणे मातीत तसेच राहायचे. दसऱ्यानंतर ती माती पुन्हा त्याच वावरात नेऊन टाकायची. यंदा दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत समाधाननं आणि त्याच्या धाकट्या भावानं ते वावर विकलं होतं. समाधाननं सही करताना कागद वाचलाही नव्हता. त्याला घरी येऊन बोगदा फोडायचा होता.

"नदीत सोडायची होती मग," तो म्हणाला. "रामकुंड काय लांब आहे का?"

"आपल्याकडं नाय सोडत नदीत. वावराची माती वावरात जाते." तिनं ट्रे खिडकीत ठेवला. "टब घेऊन गेले होते मी. एसटीनं. तारेचं कुंपण घातलंय त्यांनी. राखणदार पोरगा म्हणतो, मावशी, कुणाकडं आलात?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? आले माघारी."

बेल वाजली.

बुद्धभूषण तिशीतला, मोकळ्या स्वभावाचा. टेबलाभोवती वाकून फिरला, मोबाइलवर फोटो काढले, बाभळींपाशी तर चक्क गुडघ्यावर बसला. "काका, एक नंबर! नदी तर खरीच वाटते." मग गव्हाशी येऊन हसला. "हे मात्र गंडलंय हां. गव्हापुढं तुमचा स्टेशनमास्तर म्हणजे मुंगी. कापून टाका. तयार शेताची चटई माझ्याकडं पडलीय, ती देतो. नाव आत्ताच लिहून घेऊ का?"

मनीषानं त्याच्या हातात कप दिला. नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

समाधाननं हातातली कात्री उघडली, मिटली. बर्फ पाडताना, घाट फोडताना हा हात कधी अडला नव्हता.

"नाही जमायचं," तो म्हणाला.

"अहो काका, पाच मिनिटांचं काम!"

"पेरलेलं आहे ते."

बुद्धभूषणनं एकदा त्याच्याकडे, एकदा काकूंकडे पाहिलं आणि चहा संपवला. "बघा बुवा. प्रदर्शनात असं नाही चालायचं, म्हणून म्हटलं."

"पुढच्या वर्षी बघू," समाधान खिडकीतल्या जुन्या सवयीनं म्हणाला.

दार लागलं. मनीषा कप गोळा करत होती. "आता हे कधी मोडणार?" तिनं विचारलं. टोमणाच होता, पण तिची नजर गव्हावर होती.

 खाली वाकून त्यानं पिन लावली, बटण फिरवलं. इंजिन थरथरलं आणि डबे ओढत निघालं. नदीचा पूल ओलांडला, बाभळी गेल्या, आणि वळणावर रुळांवर कललेल्या गव्हात गाडी अडकली. चाकं जागच्या जागी गुरगुरायला लागली.

समाधाननं बोटानं गव्हाची पाती हळूच बाजूला धरली. पलीकडच्या पात्यांपर्यंत त्याचा हात पोचेना. मनीषानं कप खाली ठेवले, टेबलाच्या त्या अंगाला गेली आणि ती पाती तिनं धरली.

गाडी त्यांच्या बोटांमधून निघाली, स्टेशनावरून गेली, मागच्या भिंतीकडून वळून पुन्हा पुलावर आली. दोघांपैकी कुणी हात काढला नाही.