जरा बाजूला व्हा, मिस्त्री

"तुमच्याकडे काय, ढिगाने असतील," मिस्त्रींची बायको म्हणाली. "मला एकच द्या. पण हसरा."

स्टुडिओवाल्याने स्वच्छ असलेला काउंटर उगाच पुन्हा पुसला. मिस्त्रींना जाऊन अजून आठवडाही झाला नव्हता. सकाळी हँगरमध्ये कामाला गेलेला माणूस दुपारी छातीत कळ येऊन गेला, आणि भिंतीवर लावायचा म्हटलं तर घरात धड फोटो नाही. होता तो एकच, लायसन्सचा. तोही ह्यानेच काढलेला, ह्याच पडद्यासमोर. हनुवटी वर, ओठ घट्ट मिटलेले, अगदी नियमाप्रमाणे.

"त्यात ते मला जाब विचारतायत असंच वाटतं," वहिनी म्हणाल्या. उरलेलं आयुष्य त्या नजरेखाली काढायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मिस्त्री दर रविवारी घरी जाऊन सांगायचे म्हणे, की आमचे स्टुडिओवाले आले की नुसते फोटोच फोटो. तेव्हा वहिनी मोठ्या भरवशाने आल्या होत्या.

"उद्या या, मोठा करून ठेवतो," स्टुडिओवाला म्हणाला, आणि त्या गेल्यावर खुर्चीत मटकन बसला. कारण त्याच्याकडे मिस्त्रींचा एकही फोटो नव्हता. नाही म्हणायला जीभच रेटली नाही, त्याला काय करणार?

आता तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांची दोस्ती आणि एक फोटो नाही? तर त्याचं असं आहे. जुन्या विमानांचे फोटो काढणाऱ्या मंडळींची एक तऱ्हा असते. फोटोत माणूस नको. शिडी नको, बादली नको, पण माणूस तर मुळीच नको. विमान कसं एकटं, आत्ताच कारखान्यातून बाहेर आल्यासारखं दिसलं पाहिजे. कडेला कुणाची टोपी डोकावली तरी मंडळी नाक मुरडतात. आणि गावाबाहेरच्या त्या विमानतळावर (विमानतळ म्हणायचं आपलं, गवताची धावपट्टी आणि एक पत्र्याचं हँगर) कॅमेरे घेऊन जमणाऱ्या चौघांत स्टुडिओवाल्याचं सोवळं सगळ्यांत कडक. बिचाऱ्याचंही चुकत नव्हतं. आठवडाभर त्याच्यासमोर तोंडंच तोंडं. रडकी पोरं, घामाघूम नवरदेव, नेमक्या वेळी डोळे मिटणाऱ्या आजीबाई. "रविवारी तरी मला माणूस नको," तो म्हणे. यावर त्याची बायको म्हणे, "मग मी घरीच बरी. मी अजून माणसांत मोडते."

मिस्त्री ज्या विमानाची देखभाल करत त्याला ते म्हातारी म्हणत. पिवळं धमक, एकावर एक असे दोन पंख असलेलं, मिस्त्रींच्या वडिलांच्या वयाचं विमान. तिचे सुटे भाग कुठे मिळत नसत, मग मिस्त्रीच घासूनपुसून, ठोकठाक करून घडवत. "आज म्हातारीचे सांधे धरलेत," असं ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. तिला आकाशात न्यायचा क्लबचा पायलट, मिरवायचाही तोच. पण तिला उठवायची, न्हाऊमाखू घालायची ती मिस्त्रींनी.

स्टुडिओवाला आला की मिस्त्री म्हातारीला ढकलत ढकलत उन्हाकडे तोंड करून उभी करत. नाकावर ओघळलेलं तेल पुसत. पंखा हाताने फिरवून बरोबर सरळ रेषेत आणत. एवढं सगळं झालं की स्टुडिओवाला कॅमेरा डोळ्याला लावून म्हणे, "जरा बाजूला व्हा, मिस्त्री."

आणि मिस्त्री होत. फार लांब जायची सोय नसे, कारण फोटो झाला की लगेच पंखा फिरवून इंजिन चालू करायचं असे. म्हणून ते म्हातारीच्या पलीकडे जाऊन उभे राहत. कधी कुरकुर नाही की तोंड वाकडं नाही. एकदाच काय ते म्हणाले होते, "आमचाही एखादा काढा की म्हातारीबरोबर. जोडा शोभतो का बघू." स्टुडिओवाला म्हणाला, तुमचा काय, केव्हाही काढू, आत्ता ऊन जातंय. ते 'केव्हाही' आता कधीच येणार नव्हतं.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून तो कॉम्प्युटरसमोर बसला. म्हातारी समोरून, म्हातारी कडेने, म्हातारी ढगाखाली. विमानाच्या पोटाखालून पलीकडच्या माणसाचे पाय दिसतात, तेवढे तरी कुठे असतील म्हणून तो शोधत राहिला. पण ते पाय त्यानेच दर वेळी पुसून टाकले होते. पाय पुसायचे, त्या जागी गवत भरायचं, आणि मूळ फोटो जागा खातात म्हणून काढून टाकायचे. काम इतकं सफाईदार, की इथे कुणी उभं होतं असा कुणाला संशयही येऊ नये. स्टुडिओवाल्याला स्वतःची लाज वाटली. दोस्ताला आपण आपल्या हाताने मिटवत बसलो होतो, असं त्याच्या मनात आलं आणि डोळे भरले.

बायको चहा घेऊन आली तेव्हा त्याने तिला सगळं सांगून टाकलं. तिने विचारलं की गेल्या रविवारचे फोटो कुठे आहेत. ते कॅमेऱ्यातच होते. लग्नाच्या ऑर्डरीच्या गडबडीत त्यांना हात लागला नव्हता. त्यातल्या एकात होते पाय. दुमडलेली पँट, तेलकट बूट, वर आडवी पिवळी म्हातारी.

"हा कुठे द्यायचा?" तो म्हणाला. "लोक हसतील."

"लोकांना कुठे द्यायचाय? त्यांच्या बायकोला द्यायचाय. खरं काय ते सांगा आणि दाखवा."

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या तेव्हा पाठ केलेली सगळी वाक्यं तो विसरला. "वहिनी, माझ्याकडे त्यांचा फोटो नाही," तो म्हणाला. "मीच त्यांना बाजूला व्हायला सांगायचो. हा एक राहिलाय. नुसते पाय आहेत."

वहिनींनी चष्मा लावला आणि फोटो घेऊन त्या दारापाशी उजेडात गेल्या. त्या चार शब्द सुनावतील तर बरं, असं त्याला वाटत होतं. पण त्या पाठमोऱ्याच फोटोवर वाकल्या.

"हसतायत," त्या म्हणाल्या.

स्टुडिओवाला काउंटरमागून उठून त्यांच्याजवळ गेला.

"हे बघा ना. उजवा बूट डाव्या बुटावर टेकवलाय. मनातल्या मनात हसू फुटलं की अस्सेच उभे राहायचे. मी रागावत असले की हमखास. तोंड एवढं गंभीर, आणि खाली पाय असे. मी मेली त्यांच्या तोंडाकडे बघतच नसे, आधी पाय बघायची." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "हाच द्या मला. मोठा करून."

"देतो."

"पण पाय फारच लहान दिसतात हो. विमान थोडं कापलं तर चालेल का तुम्हाला?"

आजवर म्हातारीच्या पंखाचं टोकसुद्धा त्याने फोटोच्या बाहेर जाऊ दिलं नव्हतं. "चालेल की," तो म्हणाला, आणि वहिनींना शेजारी खुर्ची देऊन कॉम्प्युटरवर कापायला बसला. आधी शेपटी गेली. मग नाक, पंखा, एकावर एक असलेले ते दोन पंख. सरतेशेवटी गवत, एक चाक आणि ते दोन बूट एवढंच राहिलं. तो चाकही कापायला गेला.

"चाक राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "एकटे पडतील."

त्याने चाक राहू दिलं.